इंजिनिअरची पुढची गोष्ट

मी मूळची भांडकुदळ. कारखान्यात माझ्या रंगाच्या वाटीत कुणी आपला ब्रश बुडवला तरी मी अख्खा कारखाना डोक्यावर घेते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एका कादंबरीतल्या माणसाची बाजू घेऊन मी भांडले, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. उलट त्या दिवशी मी चहाबरोबर दोन बटर जास्त खाल्ले. आता त्याबद्दल घरी एकटीला लिहवत नाही. इथेच, कारखान्यात, बाकीच्या बायकांच्या मध्ये बसून लिहिते.

पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा, पण वीसेक वर्षं मी तिथे डोळ्यांची आखणी करते, म्हणून आमचाच म्हणायची सवय. जेवण झालं की हात हलके व्हावेत म्हणून अर्धा तास आम्ही ब्रश खाली ठेवतो. त्या अर्ध्या तासात वाचन चालायचं. मी वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. मालकांच्या माळ्यावर एक जुनी प्रेमाची कादंबरी सापडली होती, मुखपृष्ठ गेलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. तीच. आमच्या आया जी गादीखाली लपवून वाचायच्या, ती. खाडीवर पूल बांधायला एक इंजिनिअर येतो. गावच्या मास्तरांच्या मुलीशी त्याचं पहिल्याच भेटीत वाजतं. मग निम्मं पुस्तक दोघं एकमेकांना टाकून बोलतात आणि उरलेलं निम्मं पुस्तक झुरतात. शेवटच्या पानावर लग्न होतं, तो नव्या घराच्या सगळ्या खिडक्या उघडतो आणि कादंबरी संपते. ती आम्ही चार वेळा वाचली. शेवट आला की एकीला तरी रडू यायचंच.

एक पोर मात्र रडायची नाही. ती धरमतरच्या खाडीकडची, खारेपाटातली. बाप मिठागरावर कामाला, घरात हीच शिकलेली. बारावी झाल्यावर आमच्याकडे आली आणि दोन सीझनमध्ये माझ्या शेजारी बसून डोळे काढायला लागली. तिला मीच शिकवलं. आधी पांढरं भरायचं. मग वरच्या पापणीची रेघ, नाकाकडून कानाकडे, एका श्वासात. मग खालची. बुबुळ सगळ्यात शेवटी. बुबुळ ठेवलं की मूर्ती बघायला लागते, आणि ती बघायला लागली की तिच्यासमोर चूक पुसायची नाही, असं माझ्या सासूने मला सांगितलं होतं, मी तिला सांगितलं. पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तेव्हा तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

तर ही पोर कादंबरी संपली की ब्रश उचलत विचारायची, "मग पुढं?" आम्ही म्हणायचो, पुढं काय गो, पुढं संसार. ती म्हणायची, तोच तर लिवला नाय. आम्ही हसायचो. एक म्हातारी बाई म्हणायची की संसार काय पुस्तकात वाचायची गोष्ट हाय का.

तिचं लग्न मी जमवलं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रोह्याला एका लग्नात मी गेले होते. तिथे पंगतीत एक मुलगा वाढत होता. उंच, शांत, शर्टाची बाही नीट दुमडलेली. केमिकल कंपनीत सुपरवायझर. आई-वडील नाहीत, स्वतःचं दोन खोल्यांचं घर. माझ्या ताटात भात वाढताना त्याने विचारलं, काकी, वरण आधी की भात आधी. एवढं कोण विचारतं हो पंगतीत? मी घरी येईपर्यंत मनात लग्न लावून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी जाहीर केलं की आपल्या पोरीला इंजिनिअर सापडला. बायकांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून त्याचं नावच इंजिनिअर पडलं. तिचा बाप म्हणाला, तुम्ही बघितलाव ना, मग झालं. ती मला एकटीला गाठून म्हणाली, काकी, तो बोलतो कमी. मी म्हटलं, कादंबरीतलापण पहिली पन्नास पानं धड बोलत नाय. काय अक्कल माझी!

लग्नानंतर पहिले सहा महिने तिचे फोन यायचे. मग कमी झाले. आले तरी स्पीकरवर असायचे, आणि मध्येच त्याचा आवाज यायचा, काकी बऱ्या आहात ना, जेवलात का. मला कौतुक वाटायचं. आमच्याकडचे पुरुष बायकोच्या फोनला कान लावतात ते भांडण उकरायला. हा चौकशी करतो, म्हणजे गुणाचा. तिला गणपतीच्या सीझनला महिनाभर पाठव म्हटलं तर तो म्हणाला, इथली हवा तिला मानवली आहे, तिकडं रंगाचा त्रास होईल. रोह्याच्या कंपन्यांच्या वासात राहणारा माणूस मला रंगाचा त्रास सांगतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

कथांचं ते अ‍ॅप आमच्या फोनवर तिनेच टाकून दिलं होतं, लग्नाआधी. मराठी गोष्टी, फुकट, रोज नवीन. आम्ही पुस्तक सोडून त्यावर आलो. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा एका शुक्रवारी त्यावर आमची कादंबरी दिसली. म्हणजे कादंबरी नव्हे, तिच्या पुढची गोष्ट. लिहिणारीने खोटं नाव घेतलं होतं. सुरुवातच लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी. इंजिनिअर, मास्तरांची मुलगी, तेच घर, त्याच उघड्या खिडक्या. दर शुक्रवारी एक भाग. कारखान्यात जणू सण सुरू झाला. शुक्रवारी जेवणाची सुट्टी दहा मिनिटं आधी व्हायची आणि मालक बघून न बघितल्यासारखं करायचे.

पहिले चार भाग गोड होते. पाचव्या भागात इंजिनिअरने एक खिडकी बंद केली. धूळ येते म्हणून. सहाव्यात दुसरी. सातव्यात त्याने विहिरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं आणि बायकोला सांगितलं की जायला-यायला आणि पाणी शेंदायला मिळून अकरा मिनिटं पुरतात. ती चौदा मिनिटांनी आली. तो ओरडला नाही. त्याने विचारलं, तीन मिनिटं कुणाची होती? मी हे मोठ्याने वाचलं. मग म्हातारी म्हणाली, ही बाय येडी हाय काय, आपला इंजिनिअर असा नाय. आणि सगळ्या एकदम सुटल्या. खरंच की, असा नाय. त्याने तिच्यासाठी वादळात खाडी ओलांडली होती!

अ‍ॅपवर खाली वाचकांचीही हीच बोंब. सगळ्या महाराष्ट्रातून बायका लिहीत होत्या. आमच्या नायकाची वाट लावू नका. तुम्हाला जमत नसेल तर लिहू नका. एकीने लिहिलं होतं की माझ्या आईचं हे आवडतं पुस्तक, ती वारली, तिच्या आठवणीत तरी घाण करू नका. लिहिणारी कुणालाच उत्तर देत नव्हती. शुक्रवार आला की पुढचा भाग टाकायची. आठव्या भागात घराला एकच खिडकी उरली होती.

नवव्या भागात मास्तरांची मुलगी शेजारणीच्या गौरीच्या मुखवट्याचे डोळे काढते. आधी पांढरं. मग वरची पापणी, नाकाकडून कानाकडे, एका श्वासात. बुबुळ शेवटी, कारण नंतर ती बघायला लागते. मी वाचता वाचता थांबले. माझ्या सासूचं वाक्य होतं ते. कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, दुसऱ्या कारखान्यांत कुणी असं म्हणत नाही. मी ओरडलेच, अगो, ही आपली पोर! सगळ्या गोळा झाल्या. फोन हातोहात फिरला. आपल्यातली एक लेखिका झाली, सगळ्या महाराष्ट्राला भांडायला लावते, याचा कोण आनंद! मालकांना बोलावून दाखवलं. त्यांनी वडापाव मागवले.

आणि मी, शहाणी, फोन घेऊन बसले आणि त्या भागाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. शब्द मला पाठ आहेत, कारण नंतर मी ते काढून टाकेपर्यंत रोज वाचले. "ओळखलं गो तुला. पेणच्या कारखान्यातली आपलीच पोर तू, रोह्याला दिलेली. लिहितेस झकास. पण इंजिनिअरला कशाला बदनाम करतेस? तुझा स्वतःचा नवरा इतका देवमाणूस, त्याच्याकडे बघून तरी ह्याला चांगला कर." बाकीच्या बायकांनी त्यावर पटापट बदाम दिले. मी समाधानाने हात धुतले आणि कामाला बसले.

माणसाला एखादी गोष्ट समोर वाढून ठेवली तरी दिसत नाही, ती कशी, हे मला विचारा. पोर नऊ आठवडे सांगत होती. मी ते मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि तरी मला ती गोष्टच वाटत होती. कारण तिच्यातला माणूस माझ्या ओळखीचा नायक होता आणि तिच्या घरातला माणूस मीच शोधून दिलेला होता. दोघांपैकी एक जरी वाईट निघाला तरी मीच खोटी पडणार होते.

पुढच्या शुक्रवारी भाग आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही म्हटलं, रुसली असेल. तिसऱ्या शुक्रवारी आला. त्यात इंजिनिअरने सगळ्या खिडक्या परत उघडल्या होत्या. मास्तरांच्या मुलीला आजार झालेला, डोक्याचा, त्यामुळे तिला नवऱ्यात नसलेले दोष दिसत होते. आता ती बरी होत होती. नवरा तिला स्वतःच्या हाताने भरवत होता. वाचक खूश. मीसुद्धा, देवाशपथ सांगते, मीसुद्धा खूश. पोरीने माझं ऐकलं असं मी चारचौघीत म्हणाले.

त्यानंतरच्या भागात बरी झालेली बायको देव्हाऱ्यातल्या मूर्तीचे डोळे रंगवते. आधी दोन काळी बुबुळं टेकवते, मग भोवती पापण्या काढते. मी हे वाचलं आणि फोन खाली ठेवला. बायका म्हणाल्या, वाच की. मी परत वाचलं. आधी बुबुळ. जिने माझ्या शेजारी सात सीझन काढले, ती झोपेतसुद्धा आधी बुबुळ ठेवणार नाही. कारखान्यात अंधारात मूर्ती हातात दिली तरी आम्ही सांगतो की ही कुणाच्या हातची. ही गोष्ट तिच्या हातची नव्हती. घरातलं दुसरं माणूस एकच होतं.

मी फोन लावला. त्याने उचलला. ती झोपली आहे म्हणाला. दुपारी लावला, आंघोळीला गेली होती. संध्याकाळी लावला, देवळात गेली होती आणि फोन घरी विसरली होती. तो मात्र तिन्ही वेळा घरीच होता, आणि तिन्ही वेळा मी जेवले का ते विचारायला विसरला नाही. मी तिच्या बापाला गाठलं. तो म्हणाला, गोष्टीतल्या डोळ्यावरून कोणी पोरीच्या घरी जातंय व्हय? माझ्या नवऱ्याचंही तेच. म्हणून मी कुणाला न विचारता सकाळच्या गाडीने निघाले. कासू गेलं, नागोठणं गेलं. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडण रचत होते आणि प्रत्येक वेळी तो कसा हसून उत्तर देईल तेच दिसत होतं.

दार त्यानेच उघडलं. त्या दिवशी त्याची सुट्टी नव्हती, नंतर कळलं. मी येणार हे त्याने ताडलं होतं. या काकी, म्हणाला. पाणी त्याने आणलं, चहा त्याने केला. ती आतल्या खोलीतून आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. अंगावर पदर घट्ट गुंडाळलेला, उजवा हात पदराआड. वाळली होती. मला बघून ना हसली ना रडली. खोलीत दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींवर पत्रा मारला होता, नीटनेटका, चारी कोपऱ्यांना स्क्रू.

मी तिला काही विचारायचे आणि उत्तर तो द्यायचा. आवाज चढवत नव्हता. मध्येच म्हणाला, "काकी, तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही तिथं खाली लिहिलंत आणि हिचा फोन माझ्यासमोर वाजला, नाहीतर ही लिहिते हे मला कळलंच नसतं. आता मी मदत करतो तिला."

मी चहाचा कप खाली ठेवला तो सांडला. त्याने लगेच फडकं आणून पुसलं. मी म्हटलं, सीझनची घाई आहे, आखणीला हात कमी पडतात, पंधरा दिवस हिला नेते. तो म्हणाला, तिलाच विचारा. मी विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "नाय काकी, मी बरी हाय." अकरा ते दोन मी त्या घरात बसले. तो एकदाही उठून बाहेर गेला नाही. मोरीत गेला तरी दार उघडं ठेवून पाण्याचा आवाज न करता गेला. शेवटी मी हरले. परतीची गाडी होती. मी पिशवी उचलली.

माणूस रीतभात पाळणारा. त्याच रीतीने फसला. सवाष्ण घरातून निघाली तर तिला कुंकू लावल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून तोच तिला म्हणाला, काकींना हळदीकुंकू लाव. बोलला आणि मग त्याची नजर तिच्या पदराआडच्या हाताकडे गेली. ती मग उठली, करंडा घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. करंडा तिने बाजूच्या स्टुलावर ठेवला. डाव्या हाताचं बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं.

आमच्यात डावा हात कुंकवाला लावत नाहीत. लहान पोरीलासुद्धा हे सांगावं लागत नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने डाव्याच हाताने कुंकू घेतलं. ती माझ्या तोंडाच्या इतकी जवळ होती की तिला कुजबुजायचीही गरज नव्हती.

"नऊ शुक्रवार लिवलं, काकी. कुठं होताव तुम्ही?"

मी तिचा पदर बाजूला केला. उजव्या हाताची तीन बोटं. अंगठ्याशेजारची तीन. वाकडी जुळलेली, मिटत नव्हती, नखं काळी. ज्या बोटांत ब्रश धरतात, ती. मागून तो म्हणाला, दारात सापडली, लक्षच नसतं तिचं. ती नंतर मला म्हणाली की ती हात काढून घेऊ शकली नाही, कारण तो दार सावकाश लावत होता आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरून होता. माझं लिहिलेलं वाचून झाल्यावर लगेच, त्याच शुक्रवारी.

भांडायला आलेली मी, पण तोंडातून शिवी निघेना. एवढंच निघालं: "चप्पल घाल."

ती नाही म्हणाली नाही. मी तिचा डावा हात धरला आणि दार उघडलं. समोरच्या अंगणात दोन बायका पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली. आता तो अडवणार असं मला वाटलं, मी दुसऱ्या हातात पिशवी घट्ट धरली होती, मारायला. त्याने अडवलं नाही. उंबऱ्यात उभा राहून, त्या बायकांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाला, "राहू दे चार दिवस. मी येतो न्यायला." गाडीत ती पेण येईपर्यंत माझ्या खांद्याला डोकं लावून बसली.

याला आता दोन महिने होतील. ती माझ्याकडे राहते. डॉक्टर म्हणाले, हाडं चुकीची जुळली आहेत, ऑपरेशन करून थोडा फरक पडेल, पण बारीक काम विसरा. ती डाव्या हाताने मूर्तींना अंगाचा रंग लावते. डोळ्यांच्या बाजूला फिरकत नाही. बाप येऊन रडून गेला. पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी लिहून घेतली, त्याला बोलावलं, तो वेळेवर हजर झाला, दाराचंच सांगितलं. तो तिला फोन करत नाही, निरोप पाठवत नाही, पेणला आलेला कुणी बघितला नाही. वकील म्हणतात, कोर्टात असा माणूस शहाणा दिसतो.

पण दर शुक्रवारी भाग येतो. ते खातं अजून त्याच्याकडे आहे. ती बघत नाही. मी बघते, कारण कुणीतरी बघायला हवं, आणि पहिल्यांदा मी नीट बघितलं नव्हतं. गोष्टीत मास्तरांच्या मुलीला एका भांडखोर बाईने फूस लावून पळवून नेलं आहे. इंजिनिअर तिच्या विरहात झुरतो, दाढी वाढवतो, तिची साडी छातीशी धरून बसतो. वाचक ढसाढसा रडतात. मी ते भाग पोलीस ठाण्यातल्या बाईंना दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि मला विचारलं, ह्यात धमकी कुठे आहे दाखवा. मी दाखवू शकले नाही. सगळीकडे प्रेमच लिहिलं आहे. एकदा मी खाली खरं काय ते लिहिलं. तासाभरात तो मजकूर गेला, आणि गेला नव्हता तेवढ्यात लोकांनी मला नाही नाही ते ऐकवलं.

मागच्या दोन भागांत इंजिनिअर तिला शोधायला निघाला. जित्याला उतरला, तिथून चालत आला, असं आहे. रोह्याहून येणारा माणूस पेण सोडून पुढे जित्याला का उतरेल? पेणच्या स्टेशनवर ओळखीचं माणूस भेटू नये म्हणून, दुसरं काय. मी घरी कुणाला बोलले नाही. फक्त मालकांना म्हटलं, मागचं दार दिवसा बंद ठेवा.

बुधवारी पावसाची झड तिच्या बाजूला यायला लागली, ओले रंग फुटायला लागले, म्हणून आम्ही त्या बाजूने निळी ताडपत्री बांधली आणि तिची बसायची जागा बदलून दुसऱ्या फळीखाली केली, दाराकडे पाठ करून. आज शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत बायका हात धूत होत्या, ती डबा उघडत होती. मी भाग उघडला. इंजिनिअर एका मूर्तीच्या कारखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा आहे. पाऊस आहे. आत निळी ताडपत्री बांधली आहे. ताडपत्रीजवळ, दुसऱ्या फळीखाली, दाराकडे पाठ करून त्याची बायको बसली आहे आणि डाव्या हाताने रंग लावते आहे. तिला ठाऊक नाही. भाग तिथेच संपतो.

मी उठून रस्त्यावर जाऊन बघितलं. एसटी गेली, दोन रिक्षा गेल्या, पलीकडे कुणी नव्हतं. आत येऊन मी तिला काही न सांगता माझ्या जागेवर बसवलं आणि मी तिच्या जागेवर बसले, दाराकडे तोंड करून. फोन अजून उघडा होता. भाग येऊन अर्धा तास झाला नव्हता आणि खाली बायकांनी लिहायला सुरुवात केली होती. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की आता उशीर करू नकोस, जा आत आणि घेऊन ये तिला.